चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी सूज का वाढते?

चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची प्रकृती सुधारत असते, पण त्याचा चेहरा मात्र दिवसेंदिवस बिघडत असल्याचे घरच्यांना दिसते. शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी किंचित फुगलेला गाल दुसऱ्या दिवशी अधिक फुगतो आणि तिसऱ्या दिवशी कधीकधी डोळाही मिटून जातो. काहीतरी चुकले, अशी शंका कुटुंबात डोकावू लागते. बहुतेक वेळा काहीही चुकलेले नसते. चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेनंतरची सूज साधारणपणे ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान कमाल मर्यादेला पोहोचते आणि त्यानंतर उतरू लागते. सूज किती आहे याबरोबरच ती या वेळापत्रकाप्रमाणे चालली आहे की नाही, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

छत्तीसगडमधील भिलाई आणि परिसरातील रुग्णांसाठी ही माहिती विशेष उपयोगाची आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि या कारखान्याभोवती वसलेल्या शहरात उपचारांच्या सोयीही वाढत गेल्या. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र, कोहका-कुरूद रस्त्यावरील रुंगटा दंत महाविद्यालय, दुर्गजवळच्या अंजोरा येथील मैत्री दंत महाविद्यालय आणि पुढे रायपूरची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था अशी उपचार केंद्रे या पट्ट्यात आहेत. महामार्गावरील अपघातात मोडलेला जबडा, अक्कलदाढेची शस्त्रक्रिया, दुभंगलेला ओठ, तोंडाचा कर्करोग अशी त्यामागची कारणे निरनिराळी असतात. राजनांदगाव जिल्ह्याची सीमा महाराष्ट्रातील गोंदियाला, तर मोहला-मानपूरची सीमा गडचिरोलीला लागून आहे. लहान शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडले जाते. म्हणजे सूज सर्वाधिक असण्याचा काळ रुग्णालयात नव्हे, तर घरी, अनेकदा डॉक्टरांपासून कित्येक किलोमीटर दूर जातो. त्या दिवसांत निर्णय घ्यावा लागतो तो घरच्या माणसांना.

सूज ही शरीराचीच प्रतिक्रिया

त्वचा, स्नायू किंवा हाड कापले गेले की शरीर त्या जागी दाह निर्माण करते. इजा झालेल्या पेशींमधून हिस्टामिन, ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन यांसारखी रसायने बाहेर पडतात. त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातील द्रव व प्रथिने आजूबाजूच्या ऊतींमध्ये झिरपतात. त्या मागोमाग पांढऱ्या पेशी येतात. त्या मृत ऊती साफ करतात, जंतूंशी लढतात आणि जखम भरून येण्याची तयारी करतात. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवली होती. दाह पूर्णपणे बंद पाडला तर जखमही नीट भरणार नाही, हे यावरून लक्षात यावे. तो आटोक्यात ठेवणे एवढेच उपचाराचे उद्दिष्ट असते.

चेहरा इतर अवयवांपेक्षा अधिक सुजतो, याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे येथील रक्तपुरवठा अतिशय समृद्ध आहे. त्यामुळे चेहऱ्यावरील जखमा लवकर भरतात, पण पाझरही अधिक होतो. दुसरे म्हणजे पापण्या, ओठ आणि गाल येथील ऊती सैल असतात, त्यांत द्रव सहज साठतो. म्हणूनच वरच्या जबड्यावर शस्त्रक्रिया झाली तरी फुगतो तो डोळा. गुरुत्वाकर्षणामुळे हा द्रव व साकळलेले रक्त खाली उतरते. चौथ्या-पाचव्या दिवशी गळ्यावर, क्वचित छातीपर्यंत, निळसर-पिवळे डाग दिसू लागले तर घाबरण्याचे कारण नाही. जखम पसरल्याचे ते चिन्ह नसून रक्त विरघळत असल्याची खूण आहे.

पहिले दोन दिवस : थंडावा आणि उंच उशी

पहिल्या २४ ते ४८ तासांत थंड शेक देण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. थंडीमुळे रक्तवाहिन्या आकसतात, पाझर कमी होतो आणि वेदनाही बोथट होतात. सूज किती कमी होते याबाबतचे निष्कर्ष सर्व अभ्यासांत सारखे नाहीत, पण रुग्णाला आराम मिळतो आणि योग्य रीतीने दिल्यास अपाय होत नाही. बर्फ स्वच्छ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवावा, मग तेवढाच वेळ किंवा अधिक विश्रांती द्यावी. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. शस्त्रक्रियेनंतर गाल, ओठ किंवा हनुवटी बधिर असते. त्यामुळे बर्फाने त्वचा भाजली तरी रुग्णाला कळत नाही. याच कारणाने गरम चहाचा घोटही धोक्याचा ठरतो.

मे महिन्यात भिलाई-दुर्ग परिसरात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो आणि प्रत्येक घरी बर्फ असतोच असे नाही. मडक्यातील पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ फडके वारंवार बदलत ठेवले तरी बरेच काम भागते. फक्त टाक्यांवर ते पाणी लागू देऊ नये.

गरम शेक मात्र या दिवसांत टाळावा. सुजेवर तापवलेल्या विटेचा, मिठाच्या पुरचुंडीचा किंवा तेलाचा शेक देण्याची पद्धत विदर्भात आहे तशीच छत्तीसगडमध्येही आहे. मुरगळलेल्या जुन्या दुखण्यात त्याचा उपयोग होत असेल, पण ताज्या जखमेवर उष्णतेमुळे रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात, सूज वाढते आणि थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. पुढे जबडा आखडलेला असल्यास डॉक्टर स्वतः कोमट शेक सांगतात, परंतु तो सूज उतरू लागल्यानंतर. टाक्यांवर हळद, चुना किंवा पाल्याचा लेप लावू नये. हळद आहारात असण्यास हरकत नाही. उघड्या जखमेवर तिच्याबरोबर धूळ आणि जंतूही जातात.

झोपताना डोके छातीपेक्षा उंच असावे. नुसत्या दोन-तीन उशा मानेखाली ठेवल्या तर मान वाकते आणि रुग्णाची झोप मोडते. पाठीपासून वरचा भाग साधारण ३० अंश उंच होईल असा आधार द्यावा. गावच्या खाटेला उशाकडील पायांखाली विटा लावण्याचा साधा उपाय यासाठी पुरेसा आहे. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूवर झोपू नये. खाली वाकणे, ओझे उचलणे आणि कुंथणे यांमुळेही चेहऱ्याकडील रक्तदाब वाढतो. जेथे अजूनही शेताच्या कामाला चौथ्या दिवशीच जावे लागते, तेथे हा सल्ला पाळणे सोपे नसते, हेही मान्य करावे लागेल.

पुण्याच्या कावसजीचे नाक

शस्त्रक्रियेनंतर चेहऱ्याची काळजी घेण्याची परंपरा या देशात जुनी आहे. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. कच्च्या सुजेवर शस्त्र चालवणारा आणि पिकलेल्या सुजेकडे दुर्लक्ष करणारा, या दोन्ही वैद्यांना तेथे दोष दिला आहे. साधी सूज कोणती आणि पू झालेली कोणती, हा प्रश्न आजही शल्यचिकित्सकापुढे तसाच असतो.

महाराष्ट्राशी संबंधित एक प्रसंग तर जगाच्या वैद्यकीय इतिहासात नोंदला गेला आहे. इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभरानंतर पुण्याजवळ, विटा बनवणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. याचा सचित्र वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात प्रसिद्ध झाला. तो वाचून प्रेरित झालेल्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये अशी शस्त्रक्रिया केली.

त्या वृत्तान्तातील शस्त्रक्रियेचा भाग सर्वत्र सांगितला जातो. नंतरच्या काळजीचा भागही तितकाच वाचण्यासारखा आहे. सांध्यावर काताच्या लेपाच्या कापडी पट्ट्या एकावर एक ठेवून चार दिवस त्यांना हात लावला जात नसे. मग तुपात भिजवलेल्या पट्ट्या येत. रुग्णाला पाच-सहा दिवस पाठीवर झोपवून ठेवले जाई आणि दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले जात. कपाळाशी जोडलेली त्वचेची पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापली जाई. जखमेला न छेडणे, कुशीवर न झोपणे आणि ठरावीक दिवस वाट पाहणे ही शिस्त त्या कारागिरांनी अनुभवातून बसवली होती. तूप आणि कात यांचे अनुकरण आज कोणी करू नये, पण उरलेला क्रम आजच्या सूचनांपासून फारसा दूर नाही.

भिलाईपासून जवळच्या नागपूरने हा वारसा आधुनिक काळात पुढे नेला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये सुरू केलेला विभाग हा देशातील सुघटन शल्यचिकित्सेचा पहिला स्वतंत्र विभाग मानला जातो. दुभंगलेले ओठ व टाळू यांच्या वर्गीकरणाची त्यांची पद्धत या शहराच्याच नावाने ओळखली जाते.

औषधे : कोणती उपयोगाची, कोणती नावापुरती

सूज कमी करणाऱ्या औषधांत डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड औषधे सर्वांत प्रभावी आहेत. अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेपूर्वी किंवा त्याच सुमारास त्यांची एखादी मात्रा दिल्यास सूज आणि जबडा आखडणे दोन्ही कमी होतात, असे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे. मात्र हा निर्णय शल्यचिकित्सकाचा असतो. २०२० नंतर कोविडच्या साथीत डेक्सामेथासोनचे नाव घरोघरी पोहोचले आणि ते औषध दुकानातून परस्पर घेण्याची सवयही काही ठिकाणी लागली. त्याचे परिणाम २०२१ मध्ये दिसले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर यांमुळे म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाचे रुग्ण महाराष्ट्र आणि छत्तीसगडमध्ये मोठ्या संख्येने आढळले. नागपूर व रायपूर येथील रुग्णालयांत अनेकांच्या वरच्या जबड्यावर आणि डोळ्यांवर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. स्टिरॉइडमुळे रक्तातील साखर वाढते. मधुमेही रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वीच आपला आजार सांगणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात. ती वेदना आणि काही अंशी सूज कमी करतात. मूत्रपिंडाचा विकार, जठरातील व्रण, गर्भावस्था किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना ती विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पॅरासिटामॉलने दुखणे व ताप कमी होतो, पण सुजेवर त्याचा परिणाम फारसा नाही. ॲस्पिरिनमुळे रक्तस्राव वाढू शकतो. हृदयरोगासाठी ते चालू असेल तर आपल्या मनाने घेऊही नये आणि बंदही करू नये.

भारतात सूज म्हटली की हमखास लिहून दिली जाणारी सेराशिओपेप्टिडेजची गोळी हा एक वेगळाच विषय आहे. रेशमाच्या किड्याच्या पोटातील जीवाणूपासून मिळवलेले हे विकर सुजेवर कितपत उपयोगी पडते, याचा पुरावा तोकडा आहे. जपानमध्ये टाकेडा कंपनीने फेरचाचण्यांत अपेक्षित परिणाम सिद्ध न झाल्यामुळे २०११ मध्ये आपले औषध बाजारातून स्वतःहून मागे घेतले. भारतात मात्र ही गोळी वेदनाशामकासह अजूनही सर्रास विकली जाते. गरीब रुग्णाने तीवर खर्च करण्यापेक्षा तेच पैसे फेरतपासणीच्या प्रवासासाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

प्रतिजैविके जंतूंवर काम करतात, सुजेवर नाही. तिसऱ्या दिवशी गाल फुगला म्हणून दुकानातून प्रतिजैविक आणल्याने काही साधत नाही. उलट खरा संसर्ग झाला असेल तर तो काही काळ झाकला जातो.

गुडाखू, पेज आणि पसिया

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत छत्तीसगडमधील ३९.१ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के होते. छत्तीसगडमध्ये तंबाखू आणि गूळ यांपासून बनवलेला गुडाखू दातांवर घासण्याची सवय स्त्रियांमध्येही रुजलेली आहे. अनेकांना ते व्यसन न वाटता दात घासणेच वाटते. ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला म्हणूनच ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर मिळते. डॉक्टरांनी गुडाखूचे नाव घेऊनच विचारायला हवे. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू कमी पोहोचतो, टाके उसवण्याची आणि संसर्गाची शक्यता वाढते. तोंडातील ताज्या टाक्यांवर गुडाखू घासणे म्हणजे जखमेत तंबाखू भरणेच होय.

तोंडातील शस्त्रक्रियेनंतर आहार पातळ आणि गार किंवा कोमट असावा. पेज, वरणाचे पाणी, दूध, ताक, मऊ खिचडी चालते. छत्तीसगडची बोरे बासी थंड आणि मऊ असली तरी भाताची शिते टाक्यांत अडकतात आणि सोबतचा कांदा व मिरची जखमेला झोंबते. त्यापेक्षा ताज्या भाताचा गाळलेला पसिया बरा. दात काढल्यानंतर नळीने ओढून पिऊ नये आणि जोराने थुंकू नये, कारण त्यामुळे खळग्यातील रक्ताची गुठळी निघून जाते. मिठाच्या कोमट पाण्याने हलकेच चूळ भरणे २४ तासांनंतर सुरू करावे. जबडा तारांनी बांधलेला असल्यास घरच्यांनी तारा कापण्याची कात्री किंवा पक्कड रुग्णाच्या उशाशी ठेवावी आणि कोणती तार कापायची हे घरी निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. उलटी झाली आणि श्वास कोंडला तर त्या क्षणी डॉक्टरांची वाट पाहता येत नाही.

वरचा जबडा, गालाचे हाड किंवा डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडलेल्या रुग्णाने नाक शिंकरू नये. शिंक आली तर तोंड उघडे ठेवावे. नाकातील हवा मोडलेल्या हाडातून त्वचेखाली शिरली तर गाल अचानक फुगतो आणि दाबल्यावर पापड चुरल्यासारखी कुरकुर जाणवते. असे झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

वेळापत्रक मोडणारी सूज

नेहमीची सूज हळूहळू वाढते, तिसऱ्या दिवसानंतर उतरते आणि सात ते दहा दिवसांत बरीचशी ओसरते. या क्रमात न बसणारी सूज धोक्याची समजावी. उतरू लागलेली सूज चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा वाढली, सोबत ताप, दुर्गंधी किंवा पू असेल, तर संसर्गाची शक्यता असते. शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच एक बाजू ताणल्यासारखी टणक झाली तर आत रक्तस्राव होत असू शकतो.

सर्वांत भयंकर सूज कधीकधी दिसायला तेवढी मोठी नसते. खालच्या दाढेच्या संसर्गातून जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी कठीण सूज येते, जीभ वर उचलली जाते, लाळ गळू लागते, आवाज घोगरा होतो आणि रुग्णाला आडवे होता येत नाही. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णन केलेला हा विकार श्वासमार्ग बंद करू शकतो. अशा रुग्णाला बळेच झोपवू नये. बसलेल्या स्थितीतच १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालयात न्यावे. नवे औषध घेतल्यानंतर ओठ किंवा जीभ सुजून अंगावर गांधी उठल्या तर तीही तातडीची बाब आहे.

डोळ्याभोवतीच्या शस्त्रक्रियेनंतर सुजलेली पापणी हाताने हळूच उघडून रुग्णाला दिसते का, हे दिवसातून अनेकदा विचारावे. डोळा बाहेर आल्यासारखा वाटणे, असह्य वेदना आणि अंधुक होत जाणारी दृष्टी ही डोळ्यामागे रक्त साचल्याची लक्षणे आहेत. हा दाब साधारण दीड तासाच्या आत कमी झाला नाही तर दृष्टी कायमची जाऊ शकते. सकाळी पाहू, असे म्हणण्याइतका अवधी येथे नसतो. वरचा ओठ आणि नाक या भागातील संसर्ग शिरांवाटे मेंदूजवळ पोहोचू शकतो. तीव्र डोकेदुखी, ताप आणि डोळ्याची हालचाल मंदावणे ही त्याची चिन्हे होत.

भिलाईच्या पोलाद कारखान्याने सुजेचे हे घातक रूप औद्योगिक अपघातांतही पाहिले आहे. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हन विभागाच्या वायुवाहिनीत झालेल्या स्फोटात आणि आगीत दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. होरपळलेल्या कामगारांवर सेक्टर ९ च्या रुग्णालयात उपचार झाले. चेहरा भाजलेल्या रुग्णाचा घसा पहिल्या दिवसात झपाट्याने सुजू शकतो. त्यामुळे अशा अपघातांत रुग्ण व्यवस्थित बोलत असतानाच श्वासनलिकेत नळी घालण्याचा निर्णय डॉक्टरांना घ्यावा लागतो. सूज पूर्ण येईपर्यंत थांबले तर नळी जाण्याइतकी जागा उरत नाही.

बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत यांपैकी काहीही घडत नाही. दोन आठवड्यांनंतर उरते ती थोडी ताठरता, सकाळी अधिक आणि संध्याकाळी कमी जाणवणारी. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर नाकाच्या शेंड्याची सूज पूर्ण उतरण्यास वर्षभर लागू शकते. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तोंड उघडण्याचे व्यायाम डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून नियमित करावे लागतात. आपलीच तीन बोटे उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये मावली, म्हणजे तोंड पुरेसे उघडू लागले, असे समजले जाते.